गोवॅनसचे दगडी घर

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात आज रहदारीचे रस्ते आणि इमारतींच्या रांगा आहेत, तेथे गोवॅनस खाडीच्या काठी एके काळी डच शेतकऱ्यांची शेती होती. त्या शेतीतील एक घर क्लास आरेंतसन वेख्ते याने १६९९ साली बांधले. ही डच वसाहत इंग्रजांनी १६६४ मध्येच घेतली होती. तरी पस्तीस वर्षांनंतर उभ्या राहिलेल्या या घराचा सारा थाट डचच होता. राज्य बदलले म्हणून गवंड्याचा हात बदलत नाही, हे सीमाभागातील वाचकांस वेगळे सांगावयास नको.

घराच्या भिंती जाड दगडी होत्या. वर उतरते छप्पर होते आणि त्याच्या दोन पाख्यांमधील तिकोनी भिंत विटांची होती. दगड भार पेलण्यास उत्तम. परंतु निमुळत्या कडा साधावयाच्या तर वीट सोयीची. त्या तिकोनी भिंतीवर १६९९ हे बांधणीचे साल लोखंडी आकड्यांत घडविलेले होते. डच गवंडी तुळयांची टोके लोखंडी पट्ट्यांनी भिंतीस बाहेरून जखडीत, आणि याच पट्ट्यांना पुष्कळदा आकड्यांचे रूप देत. जे बांधकामाला आवश्यक, तेच शोभेलाही उपयोगी पडे.

२७ ऑगस्ट १७७६ रोजी या शेतावर युद्ध आले. अमेरिकन सैन्याची पिछेहाट चालू होती, आणि खाडीकडे जाण्याच्या वाटेवरील हे घर लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या तुकड्यांनी धरून ठेवले होते. आपले सैन्य निसटावे म्हणून लॉर्ड स्टर्लिंग याने मेरीलँडच्या सुमारे चारशे शिपायांसह त्या घरावर पुनःपुन्हा हल्ले चढविले. त्यांतील बहुतेक मारले अथवा पकडले गेले, आणि स्टर्लिंगही अखेर शत्रूच्या हाती पडला. पण त्यांनी शत्रूला गुंतवून ठेवल्यामुळे इतरांना खाडी ओलांडता आली. पुढे २९ ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनने आपली फौज नदीपार नेली.

कॉर्नवॉलिस हे नाव मराठी इतिहासात अनोळखी नाही. १७८६ साली तो हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल झाला, आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा आणि निजामाचे सैन्य त्याच्या बरोबर होते.

तोफांना जे साधले नाही ते शहराच्या वाढीने साधले. वेख्त्यांनंतर कॉर्टेल्यू घराण्याने तेथे शेती केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही जमीन रेल्वेच्या धंद्यातील एका धनिकाकडे गेली. नवे रस्ते उंचावर आले आणि भराव घालता घालता शेते बुजली. १८८३ पासून तेथे बेसबॉलचे मैदान होते. पुढे डॉजर्स या नावाने गाजलेला संघ त्यावर खेळे. १८९७ मध्ये घर नाहीसे झाले, आणि त्याचे दगड भरावाखाली गाडले गेले.

१९३० च्या सुमारास खोदकामात पायाचे दगड सापडले. त्यांतील काही दगड घेऊन मूळ जागेजवळ नवे घर उभारण्यात आले. त्याला जुने घर म्हणणे धाडसाचेच ठरेल. भिंतीची जाडी आणि छपराचा उतार मात्र तेथे डोळ्यांनी पाहता येतो. ते आता संग्रहालय आहे आणि त्याच्या भोवती मुलांचे खेळण्याचे मैदान आहे.