कासवं राखणाऱ्या संस्थेत काम म्हणजे काय?

मंडळी, पर्यावरण संस्थेतलं काम म्हटलं की आपल्याला बैठका आणि भाषणंच दिसतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे 2002 पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची घरटी राखली.

काम पहाटे सुरू होतं. किनारा चालायचा, वाळूवर कासविणीचा माग शोधायचा. घरट्यात शंभरेक अंडी असतात. ती न फिरवता उचलायची, कारण काही तासांत आतला जीव कवचाला चिकटतो. मग कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. पुढे दीड-दोन महिने राखण. पिल्लं आली की मोजून दर्यात सोडायची. सुट्टी नाही. सगळ्यात अवघड म्हणजे मन वळवणं. पूर्वी हीच अंडी लोक खायचे, विकायचे.

आपल्या गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथेही घरटी राखतात. पण मोठं कासव जाळ्यात गुदमरलं तर ही मेहनत फुकट. कासव हवेवरच जगतं. निपचित दिसलं म्हणून लगेच पाण्यात टाकू नका. मागची बाजू थोडी उंच करून सावलीत ठेवा, पाठीवर ओला कपडा घाला, नाक मोकळं ठेवा. हालचाल करू लागलं की इंजिन न्यूट्रलला घेऊन हळूच सोडा.

एवढं केलं तरी त्यांच्या कामाला आपला हात लागला.