वेदनेची आगाऊ तरतूद

दुकानाच्या गादीवर तासन्‌तास बैठक, मालाची चढ-उतार आणि खरेदीसाठीचा प्रवास यांमुळे व्यापारी कुटुंबांत कंबरदुखी सर्रास आढळते. कधी मणक्यांमधील चकती सरकून नस दाबली जाते, औषध-व्यायामाने गुण येत नाही आणि शस्त्रक्रिया ठरते. मग खर्चाची आणि विम्याची कसून चौकशी होते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचा विषय मात्र कोणी काढत नाही. बुरोंडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावातील रुग्णाला तर दूरच्या रुग्णालयातून दापोलीमार्गे वळणावळणाच्या रस्त्याने घरी परतायचे असते. त्याने ही तरतूद आधीच केलेली बरी.

वेदना निमूटपणे सोसण्यात हित नाही. दुखण्याच्या भीतीने रुग्ण हालचाल टाळतो, दीर्घ श्वास घेत नाही. पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका वाढतो. उलट मॉर्फिनसारख्या तीव्र औषधांवरच भिस्त ठेवली, तर मळमळ, गुंगी व बद्धकोष्ठता होते.

येथे प्रादेशिक भूल उपयोगी पडते. शरीराचा ठरावीक भागच बधिर करण्याची ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतील ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये पाठीच्या कण्यातून भूल देऊन शस्त्रक्रिया केली होती. पाठीच्या उभ्या स्नायूंखाली औषध सोडण्याची पद्धत २०१६ मध्ये मौरिसिओ फोरेरो व सहकाऱ्यांनी प्रथम वर्णिली. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत भूलतज्ज्ञ दोन्ही बाजूंना ब्युपिवाकेन किंवा रोपिवाकेन सोडतात आणि पाठीचे स्नायू व त्वचा यांच्या नसा काही तास शांत राहतात. शस्त्रक्रियेसाठी संपूर्ण भूल बहुधा वेगळी दिली जाते. हे इंजेक्शन नंतरच्या दुखण्यासाठी असते. ते प्रत्येकाला योग्य ठरेलच असे नाही. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असल्यास आधीच सांगावे.

हा परिणाम ओसरतो, तोही अनेकदा रात्री. म्हणून दुखणे वाढण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी गोळी घ्यायची असते. सूर्यास्तानंतर काहीही न घेणाऱ्यांनी हा नियम डॉक्टरांना अगोदर सांगावा. रुग्णालयात असताना शिरेतून औषध देता येते. घरच्या वेळापत्रकाचाही विचार करता येतो. मनाने मात्र मात्रा चुकवू नये, वा दोन मात्रा एकत्र घेऊ नयेत. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. गोळीचा पर्याय आहे का, हे विचारावे.

पायात नव्याने अशक्तपणा येणे, लघवी अडणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता येणे, ताप किंवा जखमेतून स्राव ही साधी वेदना नव्हे. अशा वेळी तत्काळ शल्यचिकित्सकांशी संपर्क साधावा.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना चार प्रश्न अवश्य विचारावेत : मला असे इंजेक्शन देता येईल का? त्याचा परिणाम किती तास टिकेल? त्यानंतर कोणती गोळी, कोणत्या वेळी? आणि रात्री दुखणे वाढल्यास फोन कोणाला करायचा? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद रुग्णाऐवजी सोबतच्या माणसाने सांभाळावा.