विडी, कॅप्सूल आणि पेशीतली मोड

गेल्या आठवड्यात विडी ओढणारे एक गृहस्थ दवाखान्यात आले. खिशातून ‘अँटिऑक्सिडंट’ कॅप्सूलची बाटली काढून म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, मुलानं आणून दिल्यात. या घेतल्या म्हणजे विडीचं विष उतरतं ना?’’ मी नाही म्हटले. कारण मात्र पेशीच्या आत आहे.

पेशीत प्रथिने रोज तयार होतात, तशी रोज मोडीतही निघतात. नको असलेल्या प्रथिनाला ‘युबिक्विटिन’ची चिठ्ठी चिकटते आणि ‘प्रोटिअसोम’ हे यंत्र त्याचे तुकडे करते. या शोधाबद्दल चिचानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

चिठ्ठी कोणाला लावायची, हे ठरवणाऱ्यांपैकी एक म्हणजे ‘कीप-१’ या जनुकापासून बनणारे प्रथिन. ते ‘नर्फ-२’ला सतत मोडीत पाठवते. नर्फ-२चे काम विष निकामी करणारी जनुके चालू करण्याचे. धूर आत आला की कीप-१ची पकड ढिली होते, नर्फ-२ साठते आणि पेशी तो धूर निस्तरते. संकट सरले की पुन्हा मोड सुरू. इथवर नर्फ-२ आपला मित्रच!

पण कीप-१चे जनुकच बिघडले तर? मग नर्फ-२ची मोड थांबते. कर्कपेशीला आयते चिलखत मिळते, साखरेपासून वाढीचा माल भराभर तयार होतो आणि केमोथेरपीलाही ती सहज दाद देत नाही. पहारेकरी चोराला फितूर व्हावा, तसा हा प्रकार. फुफ्फुसाच्या कर्करोगातला हा बिघाड २००६ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवला. पुढे २०१४ साली ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ प्रकारच्या २३० गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे १७ टक्के गाठींत कीप-१ बिघडलेले आढळले.

आता त्या बाटलीकडे येऊ. जे कवच निरोगी पेशीला उपयोगी, तेच कर्कपेशीलाही उपयोगी पडते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ साली आले. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त निघाला! गाजर, पालेभाज्या खुशाल खाव्यात. त्याबद्दल तक्रार नाही.

गृहस्थ जरा हिरमुसले. ‘‘मग या बाटलीचं काय करू?’’ म्हणाले. बोलताना तीनदा खोकले. विचारले तर खोकला महिनाभराचा निघाला. बाटली बाजूला ठेवून मी आधी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी लिहून दिली.