दंड दोन हजारांचा, निवाडा चाळीस लाखांचा

न्हावा-शेवा बंदरातून निघालेला कंटेनर, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पोलाद भरलेला ट्रेलर, तुर्भ्याहून परतणारा भाजीचा टेम्पो, पाम बीच रस्त्यावरच्या खासगी मोटारी आणि या सगळ्यांतून वाट काढणारे दुचाकीस्वार. नवी मुंबईच्या रस्त्यांवर रोज एवढी सरमिसळ असते. काही गाड्यांच्या पाटीवर वाशीचा एमएच-४३ असतो, काहींवर पनवेलचा एमएच-४६, तर काहींवर पार नागालँडचा क्रमांक. त्यातल्या कुठल्या गाडीचा विमा चालू आहे आणि कुठल्या गाडीचा संपला आहे, हे शेजारून जाणाऱ्याला कळत नाही. त्याच्या घरच्यांना मात्र ते एखाद्या दिवशी फार महागात पडू शकते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार ‘थर्ड पार्टी’ विम्याविना सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही आणि दुसऱ्याला चालवायलाही देता येत नाही. शिक्षा कलम १९६ मध्ये आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडल्यास दंड चार हजार. १ सप्टेंबर २०१९ पूर्वी हा दंड एक हजार होता. शिक्षा चालवणाऱ्याला होते, तशी गाडी देणाऱ्या मालकालाही होते. भाच्याला ‘जरा स्टेशनपर्यंत’ म्हणून किल्ली देणारा मामाही त्यात आला.

बहुतेकांचा हिशेब या दोन हजारांपाशीच संपतो. पण थर्ड पार्टी विमा गाडीवाल्याच्या गाडीसाठी नसतोच. स्वतःच्या गाडीचा पत्रा चेपला, गाडी चोरीला गेली, तर भरपाई देणारा विमा वेगळा असतो आणि तो ऐच्छिक आहे. सक्ती आहे ती आपल्या गाडीखाली सापडू शकणाऱ्या अनोळखी माणसासाठी.

ही सक्ती आजची नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातले विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. त्याचा अर्थ किती व्यापक आहे, हे सातारा जिल्ह्यातल्या एका दुर्घटनेने ठरवले. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून उलटला. पेट्रोल गळत राहिले, आसपासची माणसे जमली आणि काही तासांनी स्फोट झाला. त्यात ४६ जणांचा मृत्यू झाला. स्फोट झाला तेव्हा टँकर उलटून पडलेला होता. मग हा ‘वाहनाच्या वापरातून’ झालेला अपघात कसा, असा वाद निघाला. अपघात दावा न्यायाधिकरणाने भरपाई नाकारली, मुंबई उच्च न्यायालयाने ती दिली आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. अचल पडलेले वाहनही वापरातच आहे, हे त्या निकालाने मान्य झाले. चूक कुणाची हे न पाहता तेव्हा मिळणारी रक्कम मृत्यूमागे पंधरा हजार रुपये होती.

आजचे आकडे फार मोठे आहेत. समजा, वाशीच्या बाजार समितीत हमाली करणारा ३२ वर्षांचा माणूस अपघातात गेला. मिळकत महिना वीस हजार, मागे चौघे अवलंबून. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या रीतीने मिळकतीत भावी वाढीचे ४० टक्के मिळवले की महिना २८ हजार होतात, म्हणजे वर्षाचे ३ लाख ३६ हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की उरतात २ लाख ५२ हजार. या वयाला १६ चा गुणक लागतो. रक्कम होते ४० लाख ३२ हजार, आणि अंत्यविधी वगैरेंची भर वेगळी. विमा चालू असेल, तर हे पैसे विमा कंपनी देते. मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला या संरक्षणाचा वार्षिक हप्ता जून २०२२ च्या दरांनुसार ३,४१६ रुपये आहे.

विमा नसेल, तर तेवढाच निवाडा चालक-मालकावर होतो. त्याच्याकडे जप्त करण्याजोगे काही नसेल, तर मयताच्या घरी उरतो तो फक्त निकालाचा कागद. हे टाळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सर्व राज्यांना नियम करायला सांगितले: अपघातातली विनाविमा गाडी पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडू नये आणि वेळ पडल्यास तिचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा करावेत. पण जुन्या दुचाकीच्या लिलावातून चाळीस लाख उभे राहत नाहीत.

जबाबदारी कधी कधी भलत्याच्याच दारात येते. गाडी विकली, पैसे घेतले, पण आरटीओत नाव बदलायचे राहिले; मग ती गाडी चार हातांतून फिरली. अशा प्रकरणात नोंदणीवर ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. जुनी गाडी देताना नोंद बदलून घेतल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे कुणी समजू नये.

शोरूममधून निघताना प्रत्येक गाडीचा विमा असतो. १ सप्टेंबर २०१८ पासून तर नव्या मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. गळती पुढे, नूतनीकरणाच्या वेळी सुरू होते. देशातल्या निम्म्याहून अधिक गाड्या विम्याविना आहेत, याकडे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये लक्ष वेधले. त्यात एका गैरसमजाची भर पडते. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण केले, तर ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे आधी दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, टिकतो. त्याचा अर्थ अनेक जण नव्वद दिवस विमा चालू राहतो असा घेतात. विमा मुदतीच्या शेवटच्या दिवशी मध्यरात्रीच संपलेला असतो.

अपघातग्रस्तांच्या हाती काही हक्क आले आहेत. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातापासून सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. धडक देणाऱ्या गाडीचा विमा नसला, तरीही. ठोकर मारून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. भरपाईचा दावा अपघात झाला तिथे लावता येतो, तसाच कुटुंब राहते तिथेही. त्यामुळे नवी मुंबईत अपघातात गेलेल्या माथाडी कामगाराच्या साताऱ्यात राहणाऱ्या पत्नीला तारखांसाठी ठाण्याला खेटे घालावे लागत नाहीत. ती साताऱ्यातच अर्ज करू शकते. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. दिवसकार्य आणि इस्पितळाची बिले यांत ती निघून जाण्याआधी एफआयआरची प्रत, गाडीचा क्रमांक आणि विम्याचा तपशील पोलिसांकडून मागून घेणे, हे घरातल्या कुणीतरी पहिल्या आठवड्यातच अंगावर घ्यायला हवे.