नवी मोटार : भावाआधी मर्यादा ठरवावी

अक्षय्य तृतीया हा भगवान ऋषभदेवांच्या पारण्याचा दिवस. याच मुहूर्तावर आपल्या अनेक घरांत नवी मोटारही येते. मुहूर्त जरूर साधावा; परंतु सौदा त्या दिवसावर ठेवू नये. हार-नारळ घेऊन सहकुटुंब आलेला ग्राहक रिकाम्या हाती परतणार नाही, हे विक्रेता पुरते ओळखून असतो. व्यवहार पंधरा दिवस आधी पक्का करावा आणि मुहूर्तावर केवळ किल्ली घ्यावी.

बँकेच्या कर्जविभागात असताना एक धान्यव्यापारी माझ्याकडे आले. क्विंटलमागे दहा रुपयांसाठी तासभर बसणारे हे गृहस्थ मोटारीवर २५,००० रुपयांची सूट मिळाल्याने खुशीत होते. कर्ज विक्रेत्यानेच जुळवून दिले होते : ८ लाख रुपये, ५ वर्षे, व्याज 'फक्त सहा टक्के'. कागद पाहिले, तेव्हा तो फ्लॅट दर निघाला. मुद्दल फिटत गेले तरी व्याज पाचही वर्षे पूर्ण ८ लाखांवर, म्हणजे एकूण २,४०,००० रुपये. हेच कर्ज घटत्या शिलकीवर ९ टक्क्यांनी घेतले असते, तर व्याज सुमारे १,९६,००० झाले असते. सूट २५,००० ची, गळती ४४,००० ची! सही होऊन गेली होती. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

तात्पर्य, मोटारीचा भाव हा एक आकडा नसतो. एक्स-शोरूम किंमत, नोंदणी व रस्ताकर, विमा, जादा साहित्य, हाताळणी शुल्क आणि कर्ज अशी त्याची कलमे असतात. एका कलमात दिलेली सूट दुसऱ्यात वसूल होऊ शकते. म्हणून एकाच मॉडेलचे कलमवार लेखी दरपत्रक दोन-तीन विक्रेत्यांकडून घ्यावे व एकूण रकमेची तुलना करावी. सरकारी करात घासाघीस नाही. बाकी सर्वत्र आहे. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची कायद्याने सक्ती नाही. जुन्या मोटारीचा नो-क्लेम बोनस नव्या विम्यालाही लावून घेता येतो. वर्षअखेरीची मोठी सूट दीर्घकाळ मोटार वापरणाऱ्यासच लाभदायक. लवकर विकल्यास उत्पादनवर्ष जुने धरले जाते.

'पेढीच्या नावावर घेतली की कर वाचतो,' हेही तपासून घ्यावे. सामान्य व्यापाऱ्यास प्रवासी मोटारीवरील जीएसटीची वजावट सहसा मिळत नाही. आयकरात घसारा १५ टक्के मिळतो. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असल्यास त्याच्या निम्माच.

घासाघीस करणे अप्रामाणिकपणा नव्हे. मात्र 'पलीकडच्या दुकानाने इतके कमी सांगितले,' अशी थाप मारून मिळविलेली सूट सत्याणुव्रतास बाधक आहे. बिलात खोटा आकडा घालून घेणे तर शास्त्रात सांगितलेली कूटलेखक्रियाच. दुसऱ्या विक्रेत्याचे खरे दरपत्रक समोर ठेवावे. ते थापेपेक्षा अधिक काम करते.

शेवटी, परिग्रह-परिमाणाचा विवेक येथेही उपयोगी पडतो. घरातून निघण्यापूर्वी सर्वांनी मिळून एकूण खर्चाचा आकडा कागदावर लिहावा. व्यवहार त्यापलीकडे गेला, तर नम्रपणे 'जय जिनेंद्र' म्हणून उठावे. ज्याला उठता येते, त्यालाच योग्य भाव मिळतो.