छोट्या दुकानासाठी कार्ड पेमेंट यंत्रणेची निवड : ब्राह्मणपाऱ्यातील दुकानाचे उदाहरण

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
१. कार्ड व्यवहारावरील शुल्क कसे आकारले जाते, हे सांगता येईल.
२. स्वाइप मशीनचा महिन्याचा एकूण खर्च काढता येईल.
३. मशीन घ्यावे की क्यूआर कोड पुरेसा आहे, हे ठरवता येईल.

प्रस्तावना

रायपूरच्या ब्राह्मणपारा भागात पापड, मसाले आणि फराळाचे एक छोटे दुकान आहे, असे समजू. (छत्तीसगढीत 'पारा' म्हणजे मोहल्ला.) रोजचे गिऱ्हाईक पन्नास-शंभर रुपयांची खरेदी करते आणि रोख किंवा यूपीआयने पैसे देते. सणासुदीला किंवा लग्नसराईत मात्र दोन-तीन हजारांची बिले होतात आणि "कार्ड चालेल का?" असा प्रश्न येतो. दुकानदाराने मशीन घ्यावे का?

बहुतेक जण सर्वांत कमी टक्केवारी कोण लावतो, एवढेच पाहतात. हा प्रश्न अपुरा आहे. तो का, ते आता पाहू.

शुल्काची रचना

ग्राहकाने कार्ड लावल्यावर मशीन देणारी बँक, कार्डाचे जाळे (रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड) आणि ग्राहकाची बँक असे तिघे कामाला लागतात. त्यांच्या सेवेपोटी दुकानदाराच्या रकमेतून जी टक्केवारी कापली जाते, तिला मर्चंट डिस्काउंट रेट, म्हणजेच एमडीआर म्हणतात. हा दर कार्डाप्रमाणे बदलतो.

• यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड : १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य.
• इतर डेबिट कार्डे : रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या नियमानुसार, मागील आर्थिक वर्षातील उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या दुकानदाराला मशीनवरील व्यवहारासाठी कमाल ०.४०% (एका व्यवहारास जास्तीत जास्त २०० रुपये). उलाढाल त्याहून अधिक असल्यास कमाल ०.९०% (जास्तीत जास्त १,००० रुपये).
• क्रेडिट कार्ड : अशी कमाल मर्यादा नाही. दर करारात ठरतो, म्हणून येथे घासाघीस करण्यास वाव असतो.

एमडीआरवर १८% जीएसटी लागतो. २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहाराला त्यातून सूट आहे. डेबिट कार्डाचा एमडीआर दुकानदाराने ग्राहकाकडून वसूल करू नये, याची खबरदारी बँकांनी घ्यायची असते. म्हणजे हा खर्च दुकानदाराच्या नफ्यातूनच जातो.

टक्केवारी हा बदलता खर्च आहे. मशीनचे मासिक भाडे हा स्थिर खर्च आहे. विक्री झाली नाही तरी तो द्यावा लागतो.

सोडवलेले उदाहरण

समजा, दुकानाची मासिक विक्री १,४०,००० रुपये आहे. वर्षाची उलाढाल १६.८ लाख होते, म्हणून ०.४०% ची मर्यादा लागू होईल. मशीनचे भाडे ३०० रुपये, क्रेडिट कार्डाचा दर २% आणि मालावरील नफा १०% धरू. सर्व कार्ड बिले २,००० रुपयांहून मोठी आहेत, असे मानू.

*स्थिती अ : कार्डाने ३०,००० रुपयांची विक्री*

रुपे डेबिट ८,००० × ०% = ०
इतर डेबिट १०,००० × ०.४०% = ४० रुपये
क्रेडिट १२,००० × २% = २४० रुपये
भाडे = ३०० रुपये
एकूण ५८० रुपये. १८% जीएसटीसह ६८४.४० रुपये

कार्ड विक्रीच्या प्रमाणात हा खर्च सुमारे २.३% आहे.

*स्थिती ब : कार्डाने ५,००० रुपयांची विक्री*

इतर डेबिट २,५०० × ०.४०% = १० रुपये
क्रेडिट २,५०० × २% = ५० रुपये
भाडे = ३०० रुपये
एकूण ३६० रुपये, जीएसटीसह ४२४.८० रुपये

आता प्रमाण सुमारे ८.५% झाले. दर तेच, भाडे तेच. तरी १०% नफ्यातला बहुतेक भाग गेला. करारावर छापलेला दर आणि प्रत्यक्षात पडणारा दर यांत इतका फरक असू शकतो.

नवी विक्री की जुनीच विक्री?

मशीनमुळे जे गिऱ्हाईक परत गेले असते ते थांबले, तर ती नवी विक्री. जे एरवी रोख किंवा यूपीआयने पैसे देणारच होते, त्याने कार्ड लावले, तर विक्री वाढली नाही, फक्त खर्च वाढला.

१०% नफ्याने खर्च भरून निघण्यासाठी स्थिती 'अ'मध्ये ३०,००० पैकी किमान ६,८४४ रुपयांची विक्री नवी हवी. ते शक्य आहे. स्थिती 'ब'मध्ये ५,००० पैकी ४,२४८ रुपयांची विक्री नवी हवी. ते अवघड आहे. तेथे क्यूआर कोड आणि साउंडबॉक्स पुरेसे ठरतील. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेल्या ग्राहकाला क्यूआरवरही त्या कार्डाने पैसे देता येतात आणि छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर एमडीआर पडत नाही.

करारापूर्वी विचारायचे प्रश्न

१. मशीन वापरले नाही त्या महिन्यातही भाडे लागते का? सणाच्या दिवसांपुरते मशीन मिळेल का?
२. किती महिन्यांचे बंधन आहे? मशीन मध्येच परत केल्यास दंड किती?
३. प्रत्येक प्रकारच्या कार्डाचा दर वेगळा लिहून मिळेल का?
४. पैसे खात्यात कधी जमा होतात? रविवारी व सुट्टीच्या दिवशी काय?
५. ग्राहकाने व्यवहाराबाबत तक्रार केल्यास रक्कम रोखली जाते का? कोणती कागदपत्रे द्यावी लागतात?
६. दुकानाच्या आत मशीनच्या सिमला नेटवर्क मिळते का? हे सही करण्यापूर्वी गल्ल्यावर उभे राहून तपासावे.

सारांश

निवड करताना दरापेक्षा महिन्याचा एकूण खर्च पाहावा, आणि त्या खर्चासमोर नव्या विक्रीवरील नफा ठेवावा. यासाठी आधी महिनाभर वहीत नोंद ठेवावी : किती गिऱ्हाइकांनी कार्डाबद्दल विचारले, आणि त्यांपैकी किती खरेदी न करता गेले.

स्वाध्याय

१. स्थिती 'ब'मध्ये भाडे शून्य आणि क्रेडिट कार्डाचा दर २.५% असल्यास एकूण खर्च काढा. निर्णय बदलेल का?
२. उलाढाल २० लाखांवर गेल्यास स्थिती 'अ'मधील खर्च किती वाढेल?
३. आपल्या भागातील एका दुकानदाराशी बोलून वरील सहा प्रश्नांची उत्तरे लिहा.