देवघराखालची बॅटरी

‘इन्व्हर्टर आणि बॅटरी देवघराखालच्या कपाटात ठेवली तर चालेल का? दार लावलं की दिसायलाही नको,’ असं एका वाचकताईंनी विचारलंय. वर निरांजन, खाली बॅटरी! ताई, आधी जरा हिशेब करू.

घरोघरच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या शिसे-आम्लाच्या. १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाचे दोन पत्रे अळूवडीच्या उंड्यासारखे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवले. आतलं रसायन आजही तेच. (कामाचे डायनॅमो यायचे होते, म्हणून बिचारा बॅटरी भरायलाही दुसऱ्या बॅटऱ्याच वापरायचा.)

बॅटरी भरत आली की वीज आतल्या पाण्यालाच फोडू लागते. आपण वरचेवर ओततो ते डिस्टिल्ड वॉटर हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन निघून जातं. समजा चार्जर बिघडला आणि भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत तासभर १० अँपिअर जात राहिले. सहा सेल मिळून सुमारे २५ लिटर हायड्रोजन सोडतील. दोन बाय दोन बाय तीन फुटांच्या कपाटात हवा मावते ३४० लिटर. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. म्हणजे साडेतेरा लिटर. घट्ट बंद कपाटात अर्ध्या-पाऊण तासाचं काम! त्यात हा वायू सगळ्यात हलका, वरच्या फळीखाली साठणारा. इन्व्हर्टर आपण नेमका तिथेच ठेवतो आणि वीज गेली की त्यातला रिले ‘टक्’ करतो.

‘मेंटेनन्स-फ्री’ लिहिलेल्या सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीलाही झडप असते. जास्त चार्ज झाली की तीही वायू सोडते.

मग बॅटरी गॅलरीत आणि इन्व्हर्टर हॉलमध्ये? तेही नको. ६०० वॉटच्या लोडला बॅटरीच्या वायरीतून ५० अँपिअरच्या वर प्रवाह वाहतो. वायर लांब आणि बारीक असेल तर तापते. शिवाय गॅलरीत ऊन. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

तेव्हा दोघांना शेजारी ठेवा, एकावर एक नको. बॅटरी खाली, इन्व्हर्टर बाजूच्या भिंतीवर, वर-खाली वारा खेळता. कपाटात समईच्या वाती ठेवा. बॅटरी व्हरांड्यात, सावलीच्या कोपऱ्यात न्या.